निमित्ताला टपलेली ज्योत

गॅसवर चालणारा गिझर पाणी तापवण्यासाठी बनवलेला असतो, असा एक गोड गैरसमज सर्वत्र आढळतो. त्याचे झाकण उघडून आतील रचना एकदा नजरेखालून घातली, की ध्यानात येते की त्यातील पेटण्याची व्यवस्था अगदीच जुजबी आहे, आणि बाकीची सारी हुशारी, म्हणजे झडपा, पडदे, चुंबक आणि स्प्रिंगा, ज्योत कोणत्या निमित्ताने विझवता येईल याच विवंचनेत गुंतलेली आहे. पाण्याचा दाब उतरला, विझा. वाऱ्याची झुळूक आली, विझा. पायलट नावाची आतली छोटी ज्योत जरा वाकडी झाली, मग तर विझलेच पाहिजे. या सर्व अडवणुकीतून वाट काढून जी काही उष्णता उरते, तिच्यावर माणसाने आंघोळ करावयाची असते.

आमचा गिझर जुन्या वळणाचा आहे. आधी त्याचा पायलट, म्हणजे करंगळीच्या पेराएवढी एक कायमची ज्योत पेटवावी लागते. मग नळ सोडला की तिच्या आधाराने मोठा बर्नर पेट घेतो. तो बसवलेला आहे न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या खिडकीपाशी, आणि ते सर्वस्वी योग्यच आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला की तेथला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, त्यामुळे माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. बेंजामिन मॉघन यांनी १८६८ साली लंडनमध्ये जो पहिला गॅसचा गिझर तयार केला, त्याला तर धुराडेच नव्हते. तेव्हा यंत्र बाहेर असावे याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की त्यामुळे ज्योत भिंतीच्या एका बाजूला आणि माझी कातडी दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी होते, आणि पुढील सर्व अनर्थ या फाळणीतून उद्भवतात.

प्रथम पेटवण्याविषयी. माहितीपुस्तिकेत हा विधी चार ओळींत उरकलेला आहे: खटका दाबून धरा, ठिणगी पाडा, ज्योत दिसल्यावर खटका अर्धा मिनिट तसाच दाबून ठेवा आणि मग अलगद सोडा. ज्योत पाहण्यासाठी जे काचेचे भोक ठेवलेले आहे, ते अशा उंचीवर आहे की प्रौढ माणसाला तेथे ना उभे राहता येते, ना बसता. गुडघे अर्धवट वाकवून, मान डाव्या खांद्यावर टाकून, एक डोळा मिटून त्यात पाहावे लागते. उजव्या हाताचा अंगठा खटक्यावर, डाव्या हाताचा ठिणगीच्या बटणावर. टॉवेल सांभाळण्यासाठी तिसरा हात लागतो, आणि त्याचा उल्लेख पुस्तिकेत कोठेही नाही.

ठिणगीचे बटण ही मात्र खरोखर कौतुकाची वस्तू आहे. त्याला ना सेल लागतो, ना वीज. आत एक छोटी हातोडी असते. बटण दाबत नेले की स्प्रिंग ताणली जाते आणि एका क्षणी हातोडी सुटून एका स्फटिकावर आदळते. काही विशिष्ट स्फटिकांवर दाब पडला की त्यांत वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले होते. आमच्या बटणातील तो एवढासा खडा एका ठोक्याला हजारो व्होल्टची ठिणगी पाडतो. दुर्दैव असे की ती ज्या क्षणी पडते, त्या क्षणी गॅस तेथे पोहोचलेला असेलच असे नाही. विशेषतः सिलिंडर नुकताच बदललेला असेल, तर नळीत हवा भरलेली असते, आणि ती संपूर्ण बाहेर पडेपर्यंत क्युरी बंधूंची प्रतिभा टक्-टक्-टक् अशी वाया जात राहते.

या टकटकीनंतर आतून आवाज येतो, “अहो, वास येतोय!”

“वास येतोय म्हणजेच गॅस आला,” असे मी म्हणतो.

“आला तो पेटला का पण?”

या प्रश्नात सर्व शास्त्र सामावलेले आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन नावाचे एक दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत साचून राहतो. तेव्हा वास येत असूनही ज्योत लागत नसेल, तर आणखी ठिणग्या पाडण्याचा पराक्रम न करता खटका बंद करावा, खिडक्या सताड उघडाव्यात आणि किमान पाच मिनिटे स्वस्थ राहावे, हे उत्तम. मी ते कसोशीने पाळतो. फक्त, ज्या सकाळी गरम पाण्याची निकड सर्वांत अधिक असते, त्याच सकाळी सताड उघड्या खिडकीसमोर टॉवेलवर पाच मिनिटे स्वस्थ राहणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

यथावकाश पायलट पेटतो आणि ते सुप्रसिद्ध अर्धे मिनिट सुरू होते. ज्योतीच्या शेजारी धातूची एक बोटभर कांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याला उष्णता दिली की त्यांच्या मंडलात वीज वाहू लागते, या गुणधर्माचा शोध थॉमस योहान सीबेक यांना १८२१ साली लागला. आता ही वीज किती, तर अवघी पंचवीस-तीस मिलिव्होल्ट. घड्याळातल्या साध्या सेलच्या पन्नासाव्या-साठाव्या हिश्शाइतकी. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर जगणाऱ्या चुंबकाच्या अंगात गॅसची झडप ओढून उघडण्याचे बळ नसते. कोणी उघडून दिली तर ती धरून ठेवण्यापुरतेच असते. उघडून देणारा तो कोणी म्हणजे माझा अंगठा. कांडी पुरेशी तापेपर्यंत झडपेचा सारा भार त्याने वाहायचा आणि मग चुंबकाकडे सोपवायचा. सत्तांतराचा हा क्षण अत्यंत नाजूक असतो. अंगठा अलगद, अगदी अलगद वर येतो, आतून ‘टप्’ असा एक क्षीण आवाज होतो, आणि काचेच्या भोकात काळोख पसरतो.

याचे कारण बहुतेक वेळा असे असते की पायलटची ज्योत त्या कांडीच्या टोकाला नीट लपेटत नाही. ज्योत निळी, ताठ, टोकाचा सेंटिमीटरभर भाग कवेत घेणारी असावी लागते. आमची मात्र पिवळी, लुळी आणि भलत्याच दिशेला पाहणारी होती. गॅसला पुरेशी हवा मिळाली नाही की काजळीचे कण तयार होतात आणि ते तापून पिवळे दिसतात. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेन या घटकाच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी हवेचे सुमारे चोवीस भाग लागतात, म्हणजे हा गृहस्थ गॅसपेक्षा हवेवरच अधिक जगतो. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने एका बारीक ब्रशाने पायलटच्या नळीतून कोळ्याचे जाळे काढून दाखवले. कोळ्यांना बर्नरच्या नळ्या राहण्यास फार आवडतात आणि अनेक उपकरणांच्या पुस्तिकांत त्याविषयी रीतसर इशारा दिलेला असतो, हे मला तेव्हा समजले. आमचा कोळी घरी नव्हता. मेकॅनिकने जाळे माझ्या तळहातावर ठेवले, “साहेब, ज्योत निळीच पाहिजे,” असे बजावले आणि तो निघून गेला.

येथपर्यंत झाला तो पूर्वरंग. खरा छळ पुढे आहे, कारण पाणी गरम होणे आणि पाणी हवे तितके गरम होणे यांत मोठे अंतर असते. गिझरला दोन चाव्या आहेत, एक गॅसची आणि एक पाण्याची, आणि त्या दोघींचे एकमेकींशी पटत नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता लागते. १५ अंशांचे पाणी ४० अंशांवर आले, सुख झाले. परंतु ज्योत तेवढीच ठेवून पाण्याची धार निम्मी केली, तर तीच उष्णता निम्म्या पाण्याला मिळते आणि पाणी पंचवीसऐवजी पन्नास अंशांनी चढून पासष्टावर पोहोचते. पाठ भाजू लागलेला माणूस स्वाभाविक प्रेरणेने काय करतो? नळ थोडा बंद करतो. त्यामुळे पाणी आणखी कढत होते. तो दचकून आणखी बंद करतो. तेव्हा पाण्याच्या दाबावर हलणारा आतला रबरी पडदा खाली बसतो, गॅसची झडप मिटते, आणि कढत पाण्यामागोमाग थेट टाकीतले गार पाणी डोक्यावर येते. नळ बंद करू जाता भाजणे आणि नळ सोडला असता सुखावणे, हा उलटा न्याय साबण डोळ्यांत गेलेल्या अवस्थेत आठवत नाही.

म्हणून गॅसच्या चावीपाशी दुसरे माणूस लागते. आमच्याकडे ते काम पत्नी करते.

“अहो, आता?”

“अगं, गारच आहे. थोडी वाढव.”

“वाढवली. आता?”

“अजून गारच.”

येथे नळीचा हिशेब आडवा येतो. गिझरपासून शॉवरपर्यंतच्या अर्ध्या इंची आठ मीटर नळीत सुमारे एक लिटर पाणी उभे असते, आणि मिनिटाला सहा लिटरच्या वेगाने ते ओसरायला दहा सेकंद लागतात. याचा अर्थ, मला जे गार लागते आहे ते तिच्या मागच्या चावीचे फळ असते, आणि तिने मध्यंतरी माझ्या आर्जवावरून आणखी दोनदा चावी फिरवलेली असते. ते सारे औदार्य दहा सेकंदांनी एकदम येऊन पोहोचते. मग मी “पुरे, पुरे, कमी कर!” असे ओरडतो, ती घाईने कमी करते, आणि पुढचे दहा सेकंद उलट दिशेच्या अनर्थाची बीजे पेरण्यात जातात. एकदा फिरवून दहा आकडे मोजावेत आणि मगच बोलावे, हा यावरचा उपाय मला पूर्ण ठाऊक आहे. पण पासष्ट अंशांच्या पाण्याखाली तीनच्या पुढे मोजणारा माणूस अद्याप जन्मास यायचा आहे.

नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन आम्ही चावीची योग्य जागा कायमची ठरवूनही पाहिली. परंतु गिझर पाणी अमुक अंशांवर नेत नाही, अमुक अंशांनी चढवतो. टाकीतले पाणी हवेबरोबर गार-ऊन होत राहते आणि ठिपका तेथेच राहतो. आता चावीवर तीन ठिपके आहेत आणि त्यांपैकी कोणता कोणत्या महिन्याचा, यावर आमच्यात मतभेद आहेत.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. पहिल्याने आंघोळ करणाऱ्याच्या वाट्याला पायलट, टकटक, चावी आणि भाजणे हे सर्व येते. दुसऱ्याला सारे बसवून दिलेले पाणी आयते मिळते. त्यामुळे सकाळी आमच्या घरात कमालीचे सौजन्य नांदते. “अहो, तुमचे आवरून घ्या आधी, तुम्हाला बाहेर जायचे आहे,” असे ती म्हणते. मला मुळीच घाई नसल्याचे मी सांगतो, वर्तमानपत्र उघडतो, आणि तिचे केस वाळायला वेळ लागतो हे अतिशय काळजीच्या सुरात तिच्या लक्षात आणून देतो.