हंडा, मीटर आणि पाणीपट्टी : एका प्रतिक्रियेला उत्तर

मनमाडच्या पाणीटंचाईवर घरोघरी नळाला मीटर लावावेत, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखाला ‘एक करदाता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी आहे : “लेखकाने आयुष्यात कधी हंडा उचललेला दिसत नाही. जिथे पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी येत नाही, तिथे मीटर लावा म्हणणे ही गरिबांची थट्टा आहे. आधी धरणातून पाणी आणा, मग मोजा. टँकरच्या दराविषयी तर लेखात एक शब्दही नाही.”

टँकरच्या दराचा उल्लेख लेखात असायला हवा होता, हे मला मान्य आहे.

पहिल्या वाक्याविषयी मात्र मला गप्प राहता येणार नाही. मीटरला विरोध असू शकतो, तो कडक शब्दांत मांडलेलाही मी ऐकून घेईन. पण ज्याची आपली ओळख नाही त्याच्या आयुष्याचा निवाडा करून चर्चेला आरंभ करणे ही टीका नव्हे, हा उद्धटपणा आहे. माझे बालपण मनमाडमध्येच गेले. मनमाडला पाणी देणारे वागदर्डी धरण पालखेड कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे कालव्यातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, भरते आणि आवर्तन लांबले की नळाची पाळीही लांबते, हे समजण्यासाठी मला कोणताही अहवाल वाचावा लागला नाही. पाणी सुटले की हातातले काम टाकून पिंपे भरायला धावावे लागे, आणि हंडे मीही वाहिले आहेत.

किंबहुना मीटरचा आग्रह तिथूनच आला आहे. आमच्या घरी पिंपे होती आणि गल्लीतील मोठ्या घरात हौद होता. त्या घराची मोटार नळाला लागली की आमच्या नळाची धार करंगळीएवढी होई, आणि गल्लीच्या टोकाच्या घरांना तीही मिळत नसे. जे घर अधिक साठवू शकते ते अधिक ओढते, असा हा साधा व्यवहार आहे. भूमिगत गटारे नसलेल्या, नळयोजनेच्या शहरांसाठी माणशी दिवसाला 70 लिटर हा केंद्रीय मानदंड आहे. पाच माणसांच्या घराला तेवढे पाणी पंधरा दिवस पुरवायचे तर एका पाळीत 5,250 लिटर साठवावे लागतील, म्हणजे दोनशे लिटरची सव्वीस-सत्तावीस पिंपे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने ती ठेवायची कुठे? ते कुटुंब चार पिंपे भरते, उरलेले दिवस टँकरकडून किंवा जारवाल्याकडून विकत घेते, आणि वर्षाची पाणीपट्टी मात्र हौदवाल्याइतकीच भरते. आपण ज्याला गरिबांची थट्टा म्हणता, ती या सरसकट पाणीपट्टीत आज रोज चालू आहे.

गरजेपुरत्या पाण्याला नाममात्र दर आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने चढता दर, असे मी लेखात स्पष्ट लिहिले होते. ते आपण वाचलेले दिसत नाही, किंवा वाचूनही सोयीने वगळले आहे. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि टप्प्यांचे दर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवले. तिथे कोयना नदी उशाशी आहे आणि मनमाडला तशी नदी नाही, हे सांगायला कोणी पुढे येईल. पण पाणी मुबलक असेल तर मोजणी फार तर सोयीची असते, तुटपुंजे असेल तेव्हा मात्र न मोजलेला प्रत्येक लिटर शेवटच्या टोकाच्या घराच्या वाट्यातून जातो. मागणी ठाऊक नसताना पाळीचे तास ठरवणारा माणूस अंदाजाने झडप फिरवतो, आणि त्याचा अंदाज चुकला तर त्याचा त्रास नेहमी त्याच वस्तीला होतो.

‘आधी पाणी आणा’ याविषयी फार लिहीत नाही. करंजवण धरणातून मनमाडला पाणी आणण्याच्या योजनेला माझा विरोध नाही आणि लेखात तसे एकही वाक्य नाही. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही शहरात आलेले पाणी कोणाच्या दारी किती पोहोचते हा प्रश्न वेगळा उरलाच होता. पाणी आणणे आणि वाटणे ही दोन कामे आहेत. माझा लेख दुसऱ्याविषयी होता.

पुढील प्रतिक्रियेत आपल्या शहरात किती दिवसांआड पाणी सुटते आणि आपल्या घरी किती लिटरची टाकी आहे, एवढे कळवावे. माझ्या आयुष्याविषयी लिहिणार असाल, तर ती प्रतिक्रिया मी प्रसिद्ध करणार नाही.