डिफॉल्टला हात लावावाच लागतो

सांगली, मिरज आणि साताऱ्याकडच्या व्हिडिओ एडिटर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलती चित्रे आणि मजकूर, तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमधील डिफॉल्ट (आधीपासून लावून दिलेली) सेटिंग्ज कंपनीच्या तज्ज्ञांनी ठरवलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. ती बदलली की प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर बिघडून उघडतो. शिकणाऱ्याने तर ती मुळीच बदलू नयेत. आणि कामात वेगळेपण हवे असेल तर एखादा टेम्प्लेट पॅक, म्हणजे तयार नमुन्यांचा संच, उतरवून घ्यावा, असा त्याचा आशय आहे. लग्नाची चित्रफीत, यात्रेची जाहिरात, उमेदवाराचे मोशन पोस्टर अशा कामांवर ज्यांचे पोट आहे त्यांना हा सल्ला महागात पडतो. म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासतो. उदाहरणे मुख्यतः आफ्टर इफेक्ट्स या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमधील घेतली आहेत.

पहिले विधान तज्ज्ञांचे. तज्ज्ञांनी विचार केला असेल हे मान्य आहे. पण तो कोणासमोर ठेवून केला, हेही पाहायला हवे. कॉम्पोझिशनच्या (ज्या चौकटीत दृश्य रचतात तिच्या) तयार प्रीसेटमध्ये ठिकठिकाणी दिसणारा सेकंदाला २९.९७ फ्रेमचा वेग अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या एनटीएससी पद्धतीतून आला आहे. भारतातील दूरचित्रवाणी ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याशी जुळणाऱ्या पाल पद्धतीवर, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमवर चालत आली आणि आपल्याकडचे बरेच छायाचित्रकार आजही त्याच वेगाने चित्रण करतात. ते फुटेज २९.९७ च्या कॉम्पोझिशनमध्ये टाकले की साधारण दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दिसते आणि वरातीवरून फिरणारा कॅमेऱ्याचा संथ पॅन अडखळू लागतो. अर्थात सगळे चित्रण मोबाइलवर ३० फ्रेमने झाले असेल, तर हा आक्षेप लागू होत नाही.

मजकुराच्या बाबतीत तर हे डिफॉल्ट आपल्यासाठी नाहीतच. ओळींमधील अंतर ‘ऑटो’वर ठेवले की ते अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के धरले जाते. रोमन लिपीला एवढे पुरते. मराठीत मात्र वरच्या ओळीत ‘शुभविवाह’ आणि खालच्या ओळीत ‘चि. सौ. कां.’ असे लिहून एखादा ठळक फाँट लावून पाहावा: ‘शु’चा उकार खाली उतरतो, खालच्या ओळीतील मात्रा आणि अनुस्वार वर चढतात, आणि मधली जागा गुदमरते. ते अंतर १४० टक्क्यांच्या आसपास नेले की ओळी मोकळ्या होतात. तीच गोष्ट ट्रॅकिंगची, म्हणजे अक्षरांमधील अंतराची. इंग्रजी शीर्षकात अक्षरे विरळ केली की ती ऐटदार दिसतात, पण मराठीत त्याच आकड्याने शिरोरेखा तुटते आणि ‘सातारा’चे तुकडे पडतात. आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत तर प्रेफरन्सेसमध्ये (सॉफ्टवेअरच्या मुख्य सेटिंग्जमध्ये) जाऊन दक्षिण आशियाई लिपींचे टेक्स्ट इंजिन निवडल्याशिवाय ‘मिरज’ची वेलांटीसुद्धा जागेवर बसत नसे. तेथे डिफॉल्टला हात न लावता मराठी नीट लिहिणे शक्यच नव्हते.

हालचालीतही असाच एक सापळा आहे. एखाद्या पतसंस्थेचा लोगो डावीकडून आत आणायचा, दोन सेकंद थांबवायचा आणि मग वर न्यायचा, असे साधे काम घ्या. थांबण्याच्या दोन्ही कीफ्रेमवर (ठरावीक क्षणी नोंदलेल्या मूल्यांवर) पोझिशनचा, म्हणजे जागेचा, आकडा तोच असतो, तरीही लोगो जागेवर स्थिर राहत नाही. किंचित सरकतो आणि परत येतो. नवखा एडिटर कीफ्रेम पुसून पुन्हा टाकत बसतो. चूक त्याची नसते. पोझिशनचा मार्ग डिफॉल्टने वक्र धरला जातो आणि ती वक्रता थांबलेल्या काळातही शिरते. प्रेफरन्सेसच्या ‘जनरल’ भागात स्पेशियल इंटरपोलेशन, म्हणजे दोन कीफ्रेममधील मार्ग, डिफॉल्टने लिनियर (सरळ) ठेवण्याची एक खूण आहे. ती केली की यापुढे टाकलेल्या कीफ्रेमपुरता हा त्रास संपतो.

शिवाय ‘हात लावू नका’ हे पाळणेच शक्य नाही. कोणताही लेअर (थर) निवडलेला नसताना कॅरेक्टर पॅनेलमध्ये फाँट, रंग किंवा ट्रॅकिंग बदलले की पुढच्या नव्या मजकुराचे तेच डिफॉल्ट होते. शेप काढताना शेवटचा फिल (आतला रंग) आणि स्ट्रोक (कडेची रेघ) पुढच्या शेपलाही लागतो. काल इंग्रजी शीर्षकासाठी ठेवलेले ट्रॅकिंग आज मराठी पाटीला लागते ते यामुळेच. डिफॉल्ट रोज बदलतच असते. मग ते चुकून बदलू द्यायचे की ठरवून, एवढाच निर्णय आपल्या हाती उरतो.

प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर बिघडतो, हे दुसरे विधान कारणाची गल्लत करते. डिफॉल्ट फक्त नव्याने तयार होणाऱ्या गोष्टींना लागू होते. तयार झालेल्या लेअरचे आकडे प्रोजेक्ट फाइलमध्येच जतन होतात आणि दुसरीकडे उघडताना तेथील प्रेफरन्सेस त्यांना बदलत नाहीत. सांगलीत केलेले काम साताऱ्यात वेगळे दिसले, तर बहुधा तेथे फाँट किंवा प्लगइन (जोड सॉफ्टवेअर) नसतो. ‘कलेक्ट फाइल्स’ केल्यावर फुटेज गोळा होते आणि अहवालात फाँटची नावे येतात, पण फाँट स्वतः सोबत जात नाहीत. ते वेगळे द्यावे लागतात, आणि त्यासाठी वापरण्याचा परवाना खुला असलेला ‘मुक्ता’सारखा युनिकोड फाँट बरा.

शिकणाऱ्यांविषयीच्या विधानात थोडे तथ्य आहे: क्लासमध्ये एकाच संगणकावर अनेक जण बसत असतील, तर एकाने बदललेली सेटिंग्ज पुढच्याला गोंधळात टाकतात. पण ती बिघडण्याची भीती निराधार आहे. विंडोजवर आफ्टर इफेक्ट्स सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून धरले की प्रेफरन्सेस मूळपदावर आणता येतात, ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फॅक्टरी सेटिंग्ज परत लोड करता येतात, आणि फ्यूजन या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या टूलचे डिफॉल्ट जतन करण्याची सोय आहे तशी ते पूर्ववत करण्याचीही आहे.

राहिला टेम्प्लेट पॅक. त्यात वेगळेपण कमी आणि दुसऱ्याची डिफॉल्ट सेटिंग्ज जास्त असतात: रोमन फाँट, घट्ट ओळी आणि १९२० × १०८० ची चौकट. आता कार्यक्रमांना एलईडी वॉल सर्रास लागते. पी ३.९१ जातीच्या (दोन पिक्सेलमध्ये ३.९१ मिलिमीटर अंतर असलेल्या) ५०० मिलिमीटरच्या चौकोनी पॅनेलमध्ये १२८ × १२८ पिक्सेल असतात, म्हणजे आडवी आठ आणि उभी चार पॅनेल लावली की वॉल १०२४ × ५१२ पिक्सेलची होते. पॅकमधील दृश्य तिच्या रुंदीत बसवले तर उंची ५७६ भरते आणि ६४ ओळी कापल्या जातात. त्यात बहुधा खालच्या पट्टीवरचे नाव जाते. मूळ चौकटीतील दोन पिक्सेलची रेघही जेमतेम एक पिक्सेलची उरते. त्यामुळे पॅक विकत घेतला, तरी त्याची कॉम्पोझिशन वॉलच्या मापाने नव्याने मांडावी, फाँट आणि ओळींचे अंतर मराठीला जुळवावे आणि तो प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून जतन करून प्रेफरन्सेसमध्ये नव्या प्रोजेक्टसाठी तोच उघडेल असे ठरवून ठेवावे. त्या फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर असावी, कारण प्रेफरन्सेस मूळपदावर आणल्या की ही निवडही पुसली जाते.