आरोग्यदूताची सुई आणि ‘पगारावर उडवलेला’ पैसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘करदाता’ या नावाने आपण मागच्या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया तिरकस आहे, पण मुद्द्याची आहे. दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर.

लेख गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या घरोघरी नवजात बालसेवेबद्दल होता. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आक्षेप थोडक्यात सांगतो. सातवी-आठवी शिकलेल्या गावातल्याच बाईच्या हाती (संस्था तिला ‘आरोग्यदूत’ म्हणते) तान्ह्या बाळाला टोचायची सुई देणं म्हणजे गरिबांवर प्रयोग. या सेवेचा परिणाम तपासताना तुलनेसाठी ४७ गावांत ती दिलीच नाही, ती ‘वाऱ्यावर सोडली’. आता बाळंतपणं दवाखान्यातच होतात, तेव्हा हे सगळं जुनं झालं. तरुणांची शिबिरं म्हणजे सहली. आणि संस्था देणग्या पगार-पेट्रोलवर उडवतात, त्यापेक्षा जिल्हा रुग्णालयाला एखादं यंत्र घेऊन द्यावं. (न्यू जर्सीच्या भाच्याने देणगी कशी द्यावी हेही विचारलंय, ते शेवटी.)

यातला पहिला आणि शेवटचा आक्षेप एका माणसाने एकाच दमात कसा घेतला, याचं मला नवल वाटतं. सुई धोक्याची होऊ नये म्हणून जे करावं लागतं त्याचंच नाव पगार आणि पेट्रोल.

आधी सुईचं बघू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या चमूने १९९५-९६ या पहिल्या वर्षी ३९ गावांत उपचार नव्हे, निरीक्षण केलं. ७६३ नवजात बाळं पाहिली गेली. बहुतेक सगळी घरी जन्मलेली, ४२ टक्के अडीच किलोपेक्षा कमी वजनाची. डॉक्टरला दाखवायलाच हवं अशी अवस्था निम्म्याहून जास्त बाळांची झाली. प्रत्यक्षात डॉक्टरने पाहिली किंवा उपचार केले ती २.६ टक्के बाळं. दवाखान्यात दाखल झालेली हजारात चार. तुम्ही आरोग्यदूताची तुलना बालरोगतज्ज्ञाशी करताय. त्या गावांत तुलना ‘काहीच नाही’ याच्याशी होती. अंधारी खोली, बाळंतिणीचा अर्धपोटी आहार, फेकून दिलेला चीक, आणि बाळ निपचित पडलं की मांत्रिक.

आता ती बाई सुई कधी उचलते? तिच्या मनाला वाटलं म्हणून नाही. नोंदींचा अभ्यास करून जंतुदोष ओळखण्याची जी रीत २००५ साली छापली गेली तिच्यात सात लक्षणं आहेत : दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं किंवा बंद पडणं, हातपाय लुळे पडणं, उलट्या होणं किंवा पोट फुगणं, आईला बाळ हाताला गार लागणं, श्वासागणिक छाती खोल आत ओढली जाणं, नाळ चिघळणं. यातली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष धरायचा. यादी नीट वाचा. पहिली तीन लक्षणं ‘आधी चांगलं होतं, आता बिघडलं’ अशी आहेत. म्हणजे बाळ पहिल्या दिवसापासून पाहिलेलं असायला हवं. चौथ्या दिवशी प्रथमच बाळ पाहणाऱ्या डॉक्टरला ‘काल याहून जोरात रडत होतं’ हे कळायला मार्ग नाही. आरोग्यदूताच्या कार्डावर ते लिहिलेलं असतं. (हे वाचून घरी निदान करत बसू नये. आज घरातल्या बाळात यातलं एक लक्षण दिसलं तरी थेट दवाखाना गाठायचा.)

लक्षणं दिसली की आधी सल्ला दवाखान्याचाच. घरचे तयार नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं आणि तोंडाने को-ट्रायमोक्साझोल. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे आधी सुमारे सतरा दगावत होती, ती संख्या तीनच्या आत आली.

कमी शिकलेली बाई मोजणार काय, असं तुम्ही विचारलंय. याचं उत्तर त्याच संस्थेच्या त्याआधीच्या कामात आहे. बाळाच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे धाप. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं पन्नास किंवा जास्त, तर धोका. सुईणींना साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळ तर नव्हतंच. मग एका पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी एक मिनिटाची वाळूची घटिका असं साधन बनवलं गेलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्यासाठीच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठ्यासाठीच्या ओळीत पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मोजायचं फक्त दहापर्यंत. चूक कुठे होते? बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजलं तर आकडा फुगतो आणि विनाकारण औषध जातं. अंगावरचं दुपटं न काढता मोजलं तर श्वास हुकतात आणि आजारी बाळ ‘बरं’ ठरतं. हे शिकवून एकदा समजतं, पण सवय सुटते. म्हणून कुणीतरी दर पंधरा दिवसांनी येऊन तिच्याकडून पुन्हा करवून घ्यावं लागतं, कार्ड तपासावं लागतं, थर्मामीटर चालतो का बघावं लागतं. आलं ना पेट्रोल?

४७ गावांचा प्रश्न वाजवी आहे आणि तो टाळू नये. पण त्या गावांतून काही काढून घेतलं नव्हतं. अंगणवाडी, नर्सबाई, प्राथमिक आरोग्य केंद्र दोन्हीकडे जसं होतं तसंच राहिलं. ही गावं नसती तर काय झालं असतं ते आकड्यांत बघा. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू सेवेच्या ३९ गावांत ६२, या ४७ गावांत ५८. तीन वर्षांची सेवा झाल्यावर पहिल्या भागात साधारण २५, दुसऱ्या भागात जवळपास ६०, म्हणजे जिथल्या तिथे. दुसरा आकडा नसता तर तुम्हीच पहिले म्हणाला असता की रस्ते झाले, पाऊसपाणी बरं होतं, मृत्यू आपोआप घटले. १९९९च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली, ती या तुलनेच्या जोरावर. नवजात मृत्यू मोजणं हेही एक स्वतंत्र काम असतं. जन्मून तासाभरात गेलेलं मूल घरचे ‘झालंच नाही’ म्हणून सांगतात. त्यामुळे नोंद ठेवणारा वेगळा आणि सहा महिन्यांनी दारोदार जाऊन पडताळणारा वेगळा लागतो. उपचार करणाऱ्यानेच मृत्यू मोजले तर ते कमीच भरणार!

‘आता हे जुनं झालं’ हा तुमचा सर्वांत ताकदीचा मुद्दा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. घरी सुई टोचण्याची गरज त्यामुळे खूप घटली, हे मान्यच. सरकारी योजनेत आशाताई सुई टोचतही नाही. २०१४पासून दवाखाना गाठणं शक्यच नसेल अशा प्रसंगी जेंटामायसिन देण्याची मुभा आहे ती नर्सबाईंना. पण साधं बाळंतपण झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. अठ्ठावीस दिवसांतले उरलेले पंचवीस घरीच जातात, आणि जंतुदोष, थंडावणं, दूध न ओढणं यांना तेवढे दिवस पुरतात.

२०११ साली ही भेटींची पद्धत केंद्र सरकारने देशभर आशांकडे दिली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीची सातवी भेट. सगळ्या मिळून आशाताईला २५० रुपये. प्रत्येक भेटीत बाळ उघडं करून वजन, काखेत थर्मामीटर, दूध पाजताना पाहणं, नाळ कोरडी आहे ना हे बघणं. नाळेवर तेल, हळद, राख काही नाही. वजन १८०० ग्रॅमच्या खाली असेल तर घरी ठेवायचंच नाही. १८०० ते २५०० असेल तर आंघोळ लांबवायची, आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून धरायचं, ओढता येत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने.

कागदावर हे गडचिरोलीसारखंच दिसतं. प्रत्यक्षात कुठे फसतं? पहिली बाळंतीण माहेरी जाते. नाव सासरच्या आशाकडे, बाळ माहेरच्या गावात. सासरची म्हणते ‘माझ्या गावात नाही’, माहेरची म्हणते ‘माझ्या यादीत नाही’. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटी नेमक्या इथे बुडतात, आणि धोका त्याच आठवड्यात सर्वाधिक. वजनकाटा शून्यावर आणला जात नाही. झबलं-टोपडं-दुपट्यासकट वजन घेतलं की १७५० ग्रॅमचं बाळ सहज १९००चं दिसतं आणि घरीच राहतं. काट्याची बॅटरी संपली की मागच्या आठवड्याच्या आकड्यात अंदाजाने दोनशे मिळवले जातात. याला मी आळस म्हणणार नाही. २०११च्या मार्गदर्शक सूचनेत ते २५० रुपये मिळण्याच्या अटी बघा : जन्मवजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप. म्हणजे सहाच्या सहा भेटी देऊनही बाळ गेलं, तर अटीनुसार मेहनताना अडला. अशा अटीवर खरी नोंद कुणी का करावी? हे कोष्टक ज्याने आखलं त्याने एकदा तरी ते बाळ गेलेल्या घरी भरून बघायला हवं होतं. २०२४च्या सुरुवातीला राज्यभरच्या आशाताई आझाद मैदानात बसल्या होत्या. मागणी मानधनवाढीची होती, पण रागाच्या मुळाशी असल्या गोष्टीही असणार.

स्थानिक संस्थेचं काम नेमकं या फटीत आहे. दवाखाना बांधणं तिचं काम नाही, आशाताईला बाजूला सारून आपली समांतर बाई नेमणं तर मुळीच नाही. सासर-माहेरच्या याद्या महिन्यातून एकदा समोरासमोर ठेवायच्या, काटे तपासायचे, बॅटऱ्या पुरवायच्या, आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बाईंबरोबर चार भेटींना जाऊन बसायचं. फोटोत हे काही दिसत नाही, म्हणून याला देणगीही मिळत नाही.

यंत्राचं म्हणाल तर अवश्य द्या, पण आधी तीन गोष्टी विचारा : रात्रपाळीला नर्स किती, विजेचा दाब सांभाळणारं उपकरण आहे का, आणि दुरुस्तीचा करार कुणाच्या नावावर. नवजात कक्षात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरला बाळाच्या त्वचेवर चिकटवायचा एक छोटा संवेदक असतो. तो निसटला की खोलीची हवा मोजू लागतो. यंत्राला वाटतं बाळ गार आहे, ते उष्णता वाढवत नेतं, आणि बाळ भाजून निघतं. निसटलेला संवेदक परत चिकटवायला माणूस लागतो. चार वॉर्मर आणि रात्री एक नर्स असेल तर पाचवा वॉर्मर देऊन तुम्ही धोका वाढवता.

शिबिरांबद्दल फार लिहीत नाही. ‘निर्माण’ हा संस्थेचा तरुणांसाठीचा उपक्रम २००६पासून चालू आहे. त्याची परीक्षा एकच : किती तरुण डॉक्टर, इंजिनिअर नंतर खरोखर आडगावी राहून काम करतात. हे संस्थेला सरळ विचारता येतं, विचारा.

आता पगाराचे आकडे वाचायचे कसे. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावे लागतात. अनुसूची आठ हा ताळेबंद, अनुसूची नऊ हे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. नऊमध्ये ‘आस्थापना खर्च’ वेगळा आणि ‘विश्वस्त संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ वेगळा दाखवतात. ग्यानबाची मेख इथे आहे. गावोगाव फिरणाऱ्या पर्यवेक्षिकेचा पगार एक संस्था पहिल्या सदराखाली टाकते, दुसरी दुसऱ्या. म्हणून नुसत्या टक्केवारीवरून संस्था उधळी की काटकसरी हे ठरत नाही. पगारपत्रकात किती माणसं कार्यालयात बसतात आणि किती गावात जातात, एका पर्यवेक्षिकेकडे किती गावं आहेत, एवढं विचारा. एकीच्याच वाट्याला चाळीस-पन्नास गावं असतील तर ती फक्त सह्या गोळा करते आहे असं समजा. आणि ‘आमचा प्रशासकीय खर्च शून्य’ अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेपासून मी तरी चार हात लांब राहीन. तिथे तपासणी कुणी करत नाही, किंवा खर्च दुसरीकडे लपवलाय. परदेशी निधीच्या कायद्यानेही हा फरक केलाय. २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, पण नियमांनुसार रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा प्रशिक्षण देणाऱ्याचा पगार त्या खर्चात धरत नाहीत.

शेवटी तुमच्या न्यू जर्सीच्या भाच्याबद्दल. त्याच्याकडे अजून भारतीय पारपत्र असेल तर त्याच्या कमाईतून आलेली देणगी ‘परदेशी’ ठरत नाही. संस्था त्याच्याकडून पारपत्राची प्रत मागून घेईल. तो अमेरिकी नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरीही, देणगी परदेशीच. मग संस्थेची परदेशी निधीची नोंदणी चालू आहे का ते आधी विचारायचं, आणि रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यात टाकायची. गावातल्या शाखेच्या खात्यात टाकली तर अडचण त्याची नाही, संस्थेची होते.