सल्लागारांचे फोटो म्हणजे गॅरंटी नाही – त्या मेसेजबद्दल खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय, की चालू धंदे विकत घेणाऱ्या अमुक प्रायव्हेट फंडाच्या सल्लागार मंडळावर मोठमोठे निवृत्त सीईओ आहेत, म्हणजे फंड तेच चालवतात, त्यांचेही पैसे त्यात आहेत, सो रिस्क नाही. हे असं नसतं.

अशा फंडात कुठली कंपनी घ्यायची, किती कर्ज काढायचं, कधी विकायची हे ठरवतो जनरल पार्टनर (म्हणजे फंड उभा करून चालवणारा) किंवा त्याने नेमलेला मॅनेजर, बहुतेक ठिकाणी इन्व्हेस्टमेंट कमिटीमार्फत, आणि कायदेशीर जबाबदारीही त्यांचीच. सल्लागार ओळखी करून देतात, एखाद्या धंद्यातली खाचखळगी सांगतात, पण बहुतेकदा त्यांना मतदानाचा हक्क नसतो आणि स्वतःचे पैसे घातलेच पाहिजेत असंही बंधन नसतं. आणि नाव मोठं म्हणून सगळं ठीक असेल म्हणावं तर थेरानोस आठवा, रक्त तपासणीबद्दल खोटे दावे करणारी अमेरिकन कंपनी, तिथे तर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री चक्क संचालक मंडळावर होते, तरी २०१८ मध्ये कंपनी बंद पडली.

याचा अर्थ फंड खोटा आहे असं अजिबात नाही म्हणत मी, सल्लागार चांगले असले तर फायदाच होतो. फक्त खरी माहिती फंडाच्या करारात असते, फोटोंच्या पानावर नाही. जनरल पार्टनरने स्वतःचे किती घातलेत, आणि मुख्य माणूस सोडून गेला तर नवीन खरेदी थांबते का, म्हणजे की-पर्सन क्लॉज आहे का, हे तिथे बघा.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.