साहेब आज आराम करताहेत

एप्रिलमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सामना प्रत्यक्ष बघायला जाणार असाल, तर दोन-चार सल्ले देऊन ठेवतो. फुकट आहेत. माझं शहाणपण गेल्या बुधवारचं, म्हणजे अगदी ताजं आहे. त्याची फी मी भरलेली आहे: चार तिकिटं, पार्किंग आणि पाठीवर नाव छापलेली एक जर्सी.

पहिलं म्हणजे, तिकीट घेताना कुठल्याही खेळाडूचं नाव मनात आणू नका. जाहिरातीत त्याचाच फोटो असेल, चेंडू वरून बास्केटमध्ये आपटताना हवेत लटकलेला. तिकडे बघू नका. आदल्या आठवड्यात तळाचा संघ आला होता तेव्हा याच खुर्च्या निम्म्या भावात होत्या, मग आज दुप्पट कशाबद्दल, असले हिशेब करू नका. तो येतोय म्हणून दुप्पट. तो खेळेल असं कोण म्हणालं?

येतो मात्र तो वर्षातून एकदाच, दिवाळीसारखा. पश्चिमेच्या संघांशी आमच्या पूर्वेकडच्या संघाचे मोसमात दोनच सामने, एक त्यांच्या गावात, एक आमच्या. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. जानेवारीपासून त्यानं कॅलेंडरवर तारखेला लाल गोल करून ठेवला होता. साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सासऱ्यांनाही त्यानं त्या खेळाडूचे आकडे पाठ करायला लावले होते.

दुसरं, थोडं वैद्यकशास्त्र शिका. दुखापतींच्या यादीत ‘डावा गुडघा, इंज्युरी मॅनेजमेंट’ असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. दुखापत झालेली नाही, तिचं व्यवस्थापन चालू आहे. हा गुडघा फार हुशार असतो. लागोपाठ दोन दिवस सामने असले की दुसऱ्या रात्री दुखतो, प्लेऑफमधली, म्हणजे मोसमाअखेरच्या बादफेरीतली, जागा पक्की झाली की जास्तच दुखतो, आणि प्लेऑफच्या पहिल्या दिवशी सकाळी ठणठणीत बरा होतो.

या बाबतीत सान अँटोनियो संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच हाच खरा माणूस. मार्च २०१२ मध्ये त्यांनी आपला स्टार खेळाडू टिम डंकनला न खेळवता बाहेर बसवलं आणि कारणाच्या रकान्यात गुडघा नाही, घोटा नाही, सरळ ‘म्हातारा’ म्हणून नोंद झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मायामीतल्या सामन्याआधी त्यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन अशा चौघांना विमानात बसवून घरी पाठवलं. लीगनं अडीच लाख डॉलर दंड ठोकला. चाहत्यांचा एवढा कळवळा! तो सामना देशभर टीव्हीवर होता, हा निव्वळ योगायोग समजा.

मायकेल जॉर्डनचं नाव काढू नका. २००२-०३ मध्ये, चाळिशीत, तो मोसमातले ८२ च्या ८२ सामने खेळला, पण तेव्हा गुडघ्याचा शोध लागलेला नव्हता.

जर्सी घ्यायची तर मापानं मोठी घ्या. तो खेळताना दिसेपर्यंत पोरगं वाढतं.

आता नियम. नियम जरूर वाचा, झोप छान लागते. २०२३ मध्ये लीगनं स्टार खेळाडूंच्या विश्रांतीवर नियमावली काढली. मागच्या तीन मोसमांत जो ऑल-स्टार या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी किंवा मोसमातल्या सर्वोत्तमांच्या ऑल-एनबीए संघात निवडला गेला, तो स्टार. एका सामन्यात असे दोघं एकदम बसवायचे नाहीत. देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात स्टार हजर पाहिजे. नियम मोडला तर पहिल्यांदा एक लाख, दुसऱ्यांदा अडीच लाख, तिसऱ्यांदा साडेबारा लाख डॉलर. आणि यातलं माझं सगळ्यात आवडतं कलम असं, की धडधाकट खेळाडूला विश्रांती दिली असेल तर त्यानं सामन्याला हजर राहायचं आणि प्रेक्षकांना दिसायचं. खेळायचं नाही, दिसायचं! म्हणजे मुखदर्शन. अहो, पंढरपूरला मुखदर्शनाला पैसे पडत नाहीत, आणि तिथला देव अठ्ठावीस युगं उभा आहे, लोड मॅनेजमेंट, म्हणजे असली ठरवून घेतलेली विश्रांती, न करता. आमचा देव गुडघ्यावर गुडघा टाकून बसला होता, करड्या रंगाच्या झकास सुटात. मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर नाचलासुद्धा. त्याच गुडघ्यांवर. सासरे म्हणाले, “जावईबापू, हा तर धडधाकट दिसतोय की! मग उतरत का नाही?” मी त्यांना प्लेऑफ, क्रमवारी, पक्की झालेली जागा वगैरे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्याकडं जत्रेत जोड लागलीय म्हणून पुकारलं आणि पैलवान कडेला बसून शेंगा खायला लागला, तर आयोजकाला गाव सोडावं लागंल.” मग आजूबाजूला बघून म्हणाले, “हितं कुणी ओरडत कसं नाही?”

काय सांगणार? ओरडत नाहीत, कारण समोरचा मोठा पडदा ‘ओरडा’ म्हणेल तेव्हाच ओरडायची सवय लागलीय. तेवढ्यात नाचणाऱ्या पोरांनी तोफेतून टी-शर्ट उडवले आणि सगळे हात वर करून उभे राहिले. मीही राहिलो. मिळाला नाही.

तिसरं, विजेत्यांचं उदाहरण लक्षात ठेवा, मन शांत राहतं. २०१८-१९ मध्ये क्वाय लेनर्ड ८२ पैकी ६० सामने खेळला, २२ सामन्यांना मुकला, आणि शेवटी आपल्या टोरांटो संघाला विजेतेपद देऊन गेला. त्याच्या पायाची आधीची दुखापत खरी होती, टोरांटोची कुणाची तक्रार नाही, हे मान्य. पण त्यानंतर जो तो लेनर्ड झालाय. लीगनंच जानेवारी २०२४ मध्ये अहवाल दिला, की सामने चुकवल्यानं दुखापती कमी होतात असं आकडेवारीत दिसत नाही. तरी बसतात. अहवालालाही कुणीतरी विश्रांती दिली असणार.

परतताना गाडीत पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, त्याला खरंच लागलंय ना?”

पुरे झाले सल्ले. आपल्या लाडक्या खेळाडूला खरंच लागलेलं असू दे, अशी आशा एका पोरानं करायची? का, तर नाहीतर तो आपल्यासाठी उठलासुद्धा नाही असा अर्थ होतो म्हणून?

मला त्या खेळाडूचा राग नाही. ८२ सामने, रात्री विमान, पहाटे हॉटेल, अंग मोडतं, मान्य आहे. मग सामने कमी करा ना! ७० करा, ६५ करा. नाही करणार. टीव्हीवाल्यांशी ११ वर्षांचा ७६ अब्ज डॉलरचा करार केलाय, एक सामना कमी झाला तर तेवढा गल्ला कमी. सामने सगळे पाहिजेत, पैसे सगळे पाहिजेत, फक्त खेळायला माणूस नाही. आणि दंड कुणाला मिळतो? एप्रिल २०२३ मध्ये डॅलसनं शिकागोविरुद्ध खेळाडू बसवले, साडेसात लाख डॉलर दंड झाला. त्या रात्री तिकीट काढून बसलेल्यांच्या हातात त्यातला एक डॉलर पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. फसवलं प्रेक्षकाला आणि दंड वसूल करणार लीग!

आमच्याकडे नाटकाच्या मुख्य नटाला ताप आला आणि प्रयोग रद्द झाला, तर बुकिंगच्या खिडकीवर पैसे परत देतात. नाट्यगृहाचं छप्पर गळत असतं, एसी बंद असतो, पण पैसे परत देतात. आणि तुम्ही लीगवाले नि संघवाले? खेळाडूच्या नावावर भाव दुप्पट करता, आणि तो बसला की सांगता, तिकीट सामन्याचं होतं, खेळाडूचं नव्हतं. मग फोटो कशाला छापला? चेंडूचा छापायचा.

शहाणपणा बंद करा. दुखापतींची यादी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला द्यायचा नियम तुमचाच आहे. त्यात ‘कदाचित’ लिहून ठेवायचं आणि मी पार्किंगचे पैसे भरून आत आल्यावर ‘नाही’ करायचं, हे धंदे सोडा. बसवायचाय ना? आदल्या दिवशी पाचला सांगा, आणि पैसे परत करा.