सोळाशे लाइक, शून्य गिऱ्हाईक आणि माझा 'पुस्तकी' सल्ला

'छोट्या दुकानाने सोशल मीडियावर पैसे घालावेत का?' या माझ्या लेखावर 'जुना दुकानदार' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती आधी जशीच्या तशी देतो, म्हणजे मी मोडून-तोडून सांगितलं असं कुणी म्हणायला नको.

"अरे बाबा, दुकान मालावर चालतं, रीलवर नाही. आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान रविवार कारंजाजवळ दोन पिढ्या आहे. दिवाळीआधी चार दिवस भाच्याच्या नादाने दोन हजार रुपये बूस्टला घातले. सोळाशे लाइक आले, गिऱ्हाईक एक नाही. तुझे सल्ले पुस्तकी आहेत. दुकानात मी एकटा, मोबाइल बघू की गिऱ्हाईक? नवीन लोक येतात ते नकाशा बघून येतात, रील बघून नाही. आणि उद्या कंपनीने नियम बदलले की सगळं पाण्यात. शिवाय व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टची मर्यादा 250 नाही, 256 आहे. एवढंही माहीत नसेल तर लिहू नये."

शेवटापासून सुरू करतो. 256 बरोबर आहे. मी 250 लिहिलं, चूक माझी, लेखात दुरुस्त केलं आहे, आभार. (ब्रॉडकास्ट म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवणं. हा आकडा एका यादीपुरता असतो आणि याद्या एकाहून जास्त करता येतात. खरी मेख वेगळीच आहे. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. 256 जणांपैकी 40 जणांनीच नंबर ठेवला असेल तर तुमची यादी 40 ची. पण असो, चूक ती चूक.)

आता सूर. प्रतिक्रिया 'अरे बाबा'ने सुरू होते आणि 'लिहू नये'ने संपते. तुम्ही वयाने मोठे असालही. पण ओळखदेख नसलेल्या माणसाला अरे-तुरे आपल्या पेठेत कुणी करत नाही. पायरी चढून आलेल्या कॉलेजच्या पोरालाही गल्ल्यावरचा माणूस 'या, बसा' म्हणतो. माझं म्हणणं पटलं नाही तर तसं सरळ लिहा, 'पुस्तकी' कशाला? तेरा वर्षं मी नाशिकच्याच दुकानांच्या जाहिराती चालवतोय, सातपूरच्या हार्डवेअरवाल्यापासून नाशिक रोडच्या बेकरीपर्यंत. आणि लहानपण तांबट लेनमधल्या ठोक्यांच्या आवाजात गेलंय. मठार (भांड्यावर हातोडीने उठवलेले ठोके) म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

झालं. आता त्या एका वाक्याकडे येतो: "सोळाशे लाइक आले, गिऱ्हाईक एक नाही." तुम्ही हे सोशल मीडिया निकामी असल्याचा पुरावा म्हणून दिलंय. मला त्यात उलटं दिसतं. तुम्ही लाइक मागितले, तुम्हाला लाइक मिळाले. फेसबुकच्या यंत्रणेने सांगितलेलं काम चोख केलं.

बूस्ट म्हणजे पैसे भरून आपली पोस्ट जास्त लोकांना दाखवणं. त्याचं बटण दाबलं की ते पहिल्यांदा विचारतं, यातून तुम्हाला काय हवंय? जास्त प्रतिसाद, मेसेज, फोन, वेबसाइट, असे पर्याय असतात आणि 'आमचं आम्ही ठरवतो' असाही एक असतो. घाईत माणूस तो तसाच ठेवतो किंवा 'प्रतिसाद' निवडतो. मग जाहिरात कुणाला दाखवली जाते? जे लोक दिवसभर दिसेल त्यावर अंगठा दाबत असतात त्यांना. त्यांच्याकडून लाइक स्वस्तात मिळतो. त्यांतल्या कुणाला घंगाळ घ्यायचंय का, हा प्रश्न यंत्रणेला कुणी विचारलेलाच नसतो. 'मेसेज' निवडलं असतं आणि बटणाला व्हॉट्सॲप जोडलं असतं तर लाइक कदाचित साठ-सत्तर आले असते. भाचा हिरमुसला असता, पण बोलणारी माणसं मिळाली असती.

दुसरं, प्रदेश. 'नाशिक' टाकलं होतं का? की मागच्या कुठल्या पोस्टसाठी 'भारत' ठेवलेलं तसंच राहिलं? तुमच्यासारख्या दुकानाला नकाशावर दुकानाच्या जागी पिन रोवून दहा किलोमीटरचं वर्तुळ पुरतं. त्यात पंचवटी, सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, नाशिक रोड सगळं येतं. रुखवताची भांडी विकायची असतील तर तीस-पस्तीस करा, म्हणजे सिन्नर, दिंडोरी, त्र्यंबकही आत येतात. लग्नाच्या खरेदीला लोक तेवढं येतात, एका तांब्यासाठी येत नाहीत.

तिसरं, पोस्ट. ती मी पाहिलेली नाही, तरी सांगतो. वर 'शुभ दीपावली', बाजूला पणत्या, मध्ये दुकानाची पाटी, खाली हात जोडलेला तुमचा फोटो आणि कोपऱ्यात मुंगीएवढा मोबाइल नंबर. चुकलो असेन तर इथेच माफी मागेन. अशा पोस्टला लोक लाइक देतात कारण त्यांना शुभेच्छा मिळालेल्या असतात. काय घ्यायचं, केवढ्याला, कुठे यायचं, यातलं काहीच तिच्यात नसतं.

तांब्याचं भांडं वजनावर विकलं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. मग फोटोत काटा का नाही? हंडा काट्यावर ठेवा, आकडा दिसू द्या, खाली लिहा: वजन इतकं, पत्रा इतका जाड, मठारलेला, आजचा भाव किलोला इतका, मजुरी धरून इतके रुपये. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहिलं की निम्मी माणसं तिथेच गळतात. उरलेल्यांना तोच भाव सांगण्यात तुमचा दिवस जातो आणि मग तुम्ही म्हणता, मी एकटा! भाव रोज हलतो म्हणून लिहीत नसाल तर 'अमुक तारखेचा भाव' लिहा. गिऱ्हाइकाला तेवढं कळतं.

आणि रीलवर एवढा राग धरलाय म्हणून सांगतो, रीलसाठी तुमच्या धंद्याइतका माल क्वचितच कुणाकडे असेल. कल्हई. पातेलं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवायची, कापसाच्या बोळ्याने फिरवलं की आतला काळपट तांबूस रंग डोळ्यांदेखत चांदीसारखा होतो. मग पाण्यात बुडवताना चर्रर्र. एवढंच दाखवा, तीस-चाळीस सेकंद, मोबाइल उभा धरून. पहिल्या तीन सेकंदांत काळं भांडं आणि पांढरं भांडं शेजारी ठेवा, दुकानाची पाटी शेवटी येऊ द्या. खाली लिहा, कल्हई कोणत्या वारी होते आणि पातेल्याच्या मापानुसार किती पडते. सिनेमाचं गाणं मात्र लावू नका. धंद्याच्या खात्याला बहुतेक लोकप्रिय गाणी मिळत नाहीत, आणि मिळालं तरी त्या गाण्याचं रील पुढे जाहिरात म्हणून चालवता येत नाही, बूस्टचं बटण अडतं. भट्टीचा आवाज पुरे आहे.

चौथं, वेळ. धनत्रयोदशीला भांडं घ्यायची पद्धत, म्हणून तुम्ही नेमक्या त्याच आठवड्यात पैसे लावलेत. जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. दिवाळीच्या आठवड्यात तुमच्या दोन हजारांसमोर मोबाइल, टीव्ही आणि ऑनलाइन दुकानांच्या थैल्या असतात, त्यामुळे तेवढ्याच पैशांत कमी माणसं मिळतात. शिवाय जाहिरात आधी तपासणीला जाते, त्यात एखादा दिवस जाऊ शकतो. आणि सुरुवातीचे दिवस यंत्रणा चाचपडत असते. आठवड्याला साधारण पन्नास अपेक्षित कृती (म्हणजे तुम्ही मागितलेले मेसेज किंवा फोन) मिळाल्या की ती स्थिरावते, असं कंपनीच सांगते. चार दिवसांत ते होत नाही. त्यात भाच्याने रोज बजेट किंवा फोटो बदलला असेल तर चाचपडणं पुन्हा पहिल्यापासून. दसऱ्याच्या आधी सुरू करा, नाहीतर सरळ तुळशीच्या लग्नानंतर. लग्नसराईत भांड्यांचा बाजार तेजीत असतो आणि जाहिरातींची गर्दी ओसरलेली असते.

पाचवं, हिशेब, आणि इथे मला खरंच चीड येते. "गिऱ्हाईक एक नाही" हे तुम्हाला कसं कळलं? दुकानात आलेला माणूस 'मी फेसबुकवर पाहून आलो' असं आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं. गल्ल्याशेजारी वही ठेवा, नवीन चेहऱ्याला विचारा, 'कुठून कळलं?' आणि एक रेघ मारा: पाटी, ओळख, नकाशा, मोबाइल. किंवा जाहिरातीतच लिहा, 'ही पोस्ट दाखवा, पातेल्यावर पहिली कल्हई फुकट'. जितक्या कल्हया फुकट गेल्या तितकी माणसं आली. हे केलं नसेल तर तुमचं 'शून्य' मोजलेलं नाही, वाटलेलं आहे. आणि पुस्तकी मी!

पैशाचंही तसंच. दोन हजार जीएसटीसह की जीएसटी सोडून? जाहिरातीवर 18 टक्के लागतो. एकूण दोन हजार गेले असतील तर जाहिरातीत साधारण 1,695 रुपयेच लागले, 305 कर. पेजच्या बिलिंगमध्ये जीएसटी क्रमांक टाकला असता तर नोंदणीकृत व्यापारी म्हणून ते 305 वळते करता आले असते. छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटी कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. आता नमुन्याचं गणित धरा. दोन हजारांत चाळीस मेसेज आले, दहा माणसं दुकानात आली, चौघांनी घेतलं. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे पाचशे. एका लोट्यासाठी पाचशे परवडणार नाहीत, घंगाळासाठी किंवा रुखवताच्या पूर्ण सेटसाठी परवडतील. म्हणून जाहिरात सेटची करायची. लोटा दुकानात आलेला माणूस घेतोच.

मेसेज आल्यावर काय, हेही राहून जातं. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. घरच्या नंबरावर नको, वेगळ्या नंबरावर सुरू करा. दुकानाचा 0253 चा लँडलाइन असेल तर त्यावरही होतं, पडताळणीचा कोड फोन करून सांगतात. पाटीवर वर्षानुवर्षं असलेला नंबर मग कामी येतो. कॅटलॉगमध्ये वीस-पंचवीस वस्तू वजनासकट टाका. पत्ता, वेळ आणि कल्हईचा दर ही तीन उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये लिहून ठेवा, तिरकी रेघ टाकली की समोर येतात. लेबलं चारच पुरतात: नवी चौकशी, भाव दिला, येणार, घेतलं. 'भाव दिला' वाल्यांना तिसऱ्या दिवशी एक मेसेज, बास. पाच-पाच पाठवलेत तर ते ब्लॉक करतात. आणि चौकशीला संध्याकाळी सावकाश उत्तर दिलं तर तोवर त्या माणसाने भद्रकालीतल्या दुसऱ्या दुकानात भाव विचारलेला असतो.

बाकी मुद्दे फार वेळ घेण्याजोगे नाहीत.

एकटा आहात? जाहिरात दुपारी दोन ते पाच एवढीच चालवा, पेठ तेव्हा सुस्त असते. ॲड्स मॅनेजरमध्ये (फेसबुकच्या जाहिराती सविस्तर लावायच्या पानावर) एकूण बजेट ठरवलं की तासांचं वेळापत्रक लावता येतं. रील आठवड्याला एक पुरे.

नकाशा? माझा लेख सोशल मीडियावर होता, नकाशावर नव्हता. लोक नकाशा बघून येतात हे मान्य, 2027 च्या सिंहस्थाला बाहेरून येणारा तर तोच बघेल. पिन योग्य गल्लीत आहे का, सणाच्या वेळा टाकल्यात का, आणि दुकानाच्या नावाला 'नाशिकमधील सर्वोत्तम' असलं शेपूट जोडलेलं नाही ना, हे बघा. त्या शेपटापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पण नकाशावर तोच येतो ज्याला भांडं घ्यायचं आधीच सुचलंय.

नियम बदलतात? बदलतात हो. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा तुम्ही शटर ओढून घरी बसला नव्हतात.

'दुकान मालावर चालतं' हे तर मी लेखात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. प्रतिक्रिया देण्याआधी तेवढा तरी वाचला असता तर बरं झालं असतं.

एक मात्र तुमच्या भल्याचं सांगतो, रागाने नाही. पेज भाच्याने त्याच्या खात्यातून काढलंय ना? सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण ताबा कुणाकडे आहे ते आजच बघा. तिथे तुमचं नाव नसेल, आणि त्याचं खाते बंद पडलं किंवा तो पुण्याला नोकरीला गेला, तर ते पेज तुमचं राहत नाही. तुमचं नाव घाला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि 'तुमचं पेज चोवीस तासांत बंद होणार, इथे क्लिक करा' असा मेसेज इनबॉक्समध्ये आला तर त्याला हात लावू नका. हे करायला दहा मिनिटं लागतात. दुपारी तीनला करा.