पाय-होलमुळे यूट्यूबच्या जाहिराती थांबत नाहीत

म्हापसा-फोंड्याकडच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतोय: घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हे घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर बसवा, यूट्यूबसकट सगळ्या जाहिराती बंद, आणि तुम्ही काय बघता ते कुणालाच कळणार नाही.

दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पाय-होल फक्त डोमेनचं नाव (म्हणजे youtube.com सारखा साइटचा पत्ता) बघून अडवतो. बातम्यांच्या साइटवरच्या बहुतेक जाहिराती वेगळ्या डोमेनवरून येतात, म्हणून त्या अडतात. यूट्यूबची जाहिरात व्हिडिओच्याच डोमेनवरून येते. ते अडवलं तर व्हिडिओही अडतो. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्सटेन्शन घाला.

गोपनीयतेचं म्हणाल, तर तुम्ही कोणत्या आयपी पत्त्याशी (म्हणजे सर्व्हरच्या क्रमांकाशी) जोडले जाता हे इंटरनेट कंपनीला दिसतंच. उलट घरातल्या कुणाच्या मोबाइलने कधी कुठलं डोमेन विचारलं, याची नोंद आता रास्पबेरी पायवर साठते. बायको-मुलांना, आई-वडलांना हे आधी सांगायलाच हवं. नोंदी बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरा.

पाय-होल चांगलाच आहे, जरूर लावा. फक्त आपल्याकडे पावसात वीज जाते तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरबाहेर, असं ठेवू नका. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देण्याचं काम, आता पाय-होलकडे असतं; ते गेलं की घरभर नेट बंद पडल्यासारखं वाटतं.